सीआरपी नॉर्मल, मग दुखतं कशानं?

स्तनाच्या कर्करोगाचे मुख्य उपचार संपून वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. स्कॅन स्वच्छ असतो, अंगातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या नॉर्मल. तरी सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना गुडघे धरतात, तळपाय चुरचुरतात. घरचे रिपोर्ट पाहून म्हणतात, 'अगं, सगळं तर नॉर्मल आहे.' रिपोर्ट खरा असतो आणि दुखणंही खरं असतं. सीआरपी यकृतात तयार होतं. अंगभर दाह पेटला की ते रक्तात चढतं. एखाद्या नसेच्या मुळाशी किंवा बोटाच्या स्नायुबंधाच्या आवरणात धुमसणारा दाह त्यात उमटेलच असं नाही.

दाह म्हटलं की आपल्याला लाल, गरम, सुजलेला सांधा आठवतो आणि हात पेनकिलरकडे जातो. इथेच गल्लत होते. या बायकांना होणारी दुखणी किमान दोन वेगळ्या प्रकारची असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं दुखणं नसांचं. पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल ही केमोची औषधं घेतलेल्यांना दोन्ही पायांच्या बोटांपासून मोजे घातल्यासारखा बधिरपणा, मुंग्या, जळजळ होते. पुढे हातांनाही. सर्वांत लांब नसा आधी पकडल्या जातात, म्हणून सुरुवात पायांपासून. औषध मेंदूत फारसं शिरत नाही, पण पाठीच्या कण्यालगत संवेदी पेशींचे जे गुच्छ असतात त्यांना मेंदूसारखं कुंपण नाही. तिथे औषध साचतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की तिथे मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ बीटा यांसारखी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. त्यामुळे नस इतकी हळवी होते की चादरीचा स्पर्शही टोचतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन या दाह वाढवणाऱ्या रसायनाची वाट अडवतात. नसेच्या या दुखण्यात मुख्य खेळ दुसरीकडेच चालू असतो. त्यामुळे महिनोन्‌महिने त्या घेऊन पोट आणि किडनी बिघडते, जळजळ तशीच राहते.

इथे चांगला पुरावा असलेलं औषध एकच, ड्युलोक्सेटिन. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २३१ रुग्णांच्या चाचणीत पहिला आठवडा रोज ३० मिलिग्रॅम आणि पुढचे चार आठवडे ६० मिलिग्रॅम दिलं गेलं. दहापैकी सरासरी एका गुणानं दुखणं उतरलं. हा चमत्कार नाही, आणि जळजळ कमी झाली म्हणून बधिरपणा जाईल अशी आशाही धरू नये. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावं, आणि एकदम बंद करू नये. मुख्य म्हणजे टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोनची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. ज्या एन्झाइममुळे टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार होतं, त्यालाच ड्युलोक्सेटिन अडवतं.

'नसांच्या ताकदीच्या' गोळ्यांबद्दल आमचं मत कडक आहे. बी-१२ जरूर तपासावं, विशेषतः शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर. कमी निघालं तर भरून काढावं. पण दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांमधून बी-६ साठत गेलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं. ॲसिटिल-एल-कार्निटिन या पूरक गोळीचं तर आणखी वाईट: केमोच्या काळात प्रतिबंध म्हणून दिलं तेव्हा चाचणीत त्रास वाढला. बधिर पायांचं साधं पथ्य मात्र रोज पाळायचं. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं तपासायचं, घरातही चप्पल घालायची, रात्री झोपण्याआधी तळवे आरशात पाहायचे.

दुसरं दुखणं सांध्यांचं, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेनमुळे येणारं. कर्करोग उलटू नये म्हणून मुख्य उपचारांनंतर रोज घ्यायच्या या गोळ्या इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन तयार होऊ देत नाहीत. गोळी सुरू झाल्यावर बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते जाणवतं. इस्ट्रोजेन जवळजवळ शून्यावर आलेलं असतं, आणि त्याचा दाहावरचा लगामही सुटतो. एमआरआयमध्ये बोटांच्या स्नायुबंधांच्या आवरणात पाणी दिसू शकतं, पकड कमी होते, पण संधिवातासारखी झीज नसते.

यावर व्यायाम खरोखर चालतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १२१ स्त्रियांच्या अमेरिकन चाचणीत एका गटाला आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगानं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम दिला. वर्षाअखेरीस त्या गटात सर्वांत जास्त दुखण्याचा गुणांक २९ टक्क्यांनी घटला. बहुतेक जणी मात्र फक्त चालतात. ताकदीचा भाग गळतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, दोन फेऱ्या; अर्ध्या लिटरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपर वाकवणं; भिंतीवर हात टेकून पुश-अप. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटंच चालावं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर प्रमाण योग्य, नाही उतरलं तर पुढच्या वेळी निम्मं करा. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर वजन हळूहळू वाढवा आणि हात जड वाटला की थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुखतंय म्हणून गोळी मनानं बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. डॉक्टर स्वतः दोन-चार आठवड्यांची सुट्टी देऊन पाहू शकतात, मग त्याच गटातली दुसरी गोळी देतात. एक सोसत नाही आणि दुसरी सोसते, असं पुष्कळदा होतं.

ओमेगा-३ चं काय? २४९ स्त्रियांच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या कॅप्सूलनं जवळजवळ सारखाच आराम पडला. हळद भाजीत, दुधात चालेल. मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र वेगळ्या: त्यांनी टॅमॉक्सिफेनच्या प्रभावी रूपाची पातळी घटल्याचं दिसलं आहे, आणि अशा कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

एकाच जागी, रोज थोडं-थोडं वाढणारं, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं यांपैकी कशातच बसत नाही. ते तपासून घ्यावं लागतं. आणि पाठदुखीसोबत पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं.