साडेबारा टक्के आणि जक्कय

मी पूर्णवेळ सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ताचा प्रचारक आहे, पगार आमची मंडळी, म्हणजे चर्च, देते (वेळेवर देतेच असं नाही), आणि नाताळच्या आधी आमच्या नगरकडच्या पोरापोरींना घेऊन सेवेच्या दौऱ्यावर जाणं हा त्याच कामाचा भाग. यंदा नवी मुंबई. मुक्काम कोपरखैरण्याला एका चर्चच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर, आणि डास असे की पोरं प्रार्थनेला डोळे मिटायची नाहीत.

आमचे नियम कडक आहेत आणि ते मी निघायच्या आधीच सांगून ठेवतो. कोणाच्या देवाबद्दल वाकडा शब्द नाही, पैसे-औषध-नोकरी असलं आमिष नाही, बोलावल्याशिवाय घरात पाऊल नाही. घटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1977 लाच सांगून ठेवलंय, आणि खरं सांगू का, मला ते पटतंही, माणसाचं मन आपण फिरवायचं नसतंच. आपण सांगायचं, पुढचं देवाचं काम. पोरांना मात्र थरार हवा असतो. आदल्या दिवशी ठाण्याला जाऊन आलो तेव्हा 1321 साली तिथे चार फ्रान्सिस्कन मिशनरी मारले गेले हे मी सांगितलं, तेव्हापासून एकदोघं उगाच शहीद झाल्यासारखी चालत होती.

तर त्या दिवशी घणसोली गावात होतो. गाव म्हणजे सेक्टर नाही, जुनं गावठाण, जिथे गरजेपोटी बांधलेल्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून उभ्या आहेत की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ देता येईल. टपरीपाशी येशूबद्दलच्या छापील पत्रिका वाटत होतो. लोक घेतात, नमस्कार करतात, घडी घालून खिशात टाकतात, एवढंच. एका काकांनी मात्र पत्रिका उभ्या उभ्या पूर्ण वाचली. साठीच्या पुढचे, आगरी, गळ्यात जाड चेन, पायात रबरी स्लीपर. वाचून झाल्यावर मला बोलले, "फुकट म्हंजे कसा फुकट? सगला माफ?"

मग मी नेहमीचं सांगितलं. देव पवित्र आहे, माणूस पापी आहे, स्वतःच्या पुण्याने ती दरी कोणी ओलांडत नाही, ख्रिस्ताने वधस्तंभावर आपली शिक्षा भोगली आणि तिसऱ्या दिवशी उठला, जो विश्वास ठेवतो त्याला क्षमा आणि सार्वकालिक जीवन, आणि हे कृपेने आहे, कमाई नाही. काका मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग मी आता हिथं हात जोडले तर माझा पन झाला?"

माझ्याबरोबर एक पोरगा होता, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा, त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका, त्याने लगेच पश्चात्तापाच्या प्रार्थनेचं कार्डच बाहेर काढलं. पण मला काकांच्या त्या "माझा पन" मध्ये काहीतरी खटकलं. इतकी वर्षं या कामात काढल्यावर घाई कसली आहे ते ऐकू येतं. मी विचारलं, "काका, मनात काय आहे? सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर राहू दे."

काका आम्हाला त्यांच्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले, आणि तिथे स्कूटरच्या सीटवर बसून सांगितलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळात वडिलांची जमीन गेली. पुढे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, जासई-दास्तान फाट्याला 1984 साली गोळ्या झेलल्या, पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळायची योजना आली, हे सगळं ते असं सांगत होते जसं आम्ही बायबलातलं निर्गम, गुलामीतून सुटकेची गोष्ट, सांगतो. त्यांचा प्लॉट आला तोवर वडील गेलेले. वारस दोघं, हे आणि धाकटी बहीण, उरणकडे दिलेली. बहिणीला सांगितलं सरकारी कागद आहे, अंगठा लागतो. ते हक्कसोडपत्र होतं. तिला एक साडी आणि सोन्याच्या दोन पाटल्या. प्लॉट बिल्डरला गेला, त्या पैशात ही चार मजल्यांची बिल्डिंग उभी राहिली.

"कायद्याने मी साफ हाय," काका बोलले. "वकील बोलला, कोर्टात कायच व्हनार नाय."

मग वर जाऊन प्लास्टिकच्या फोल्डरमधून त्यांनी तो कागद आणला. झेरॉक्स नाही, मूळ प्रत. बहिणीचा अंगठा जांभळ्या शाईचा, कडेला फिसकटलेला, कारण तिने म्हणे दाबताना हात ओढला होता, उशीर होतोय, उरणची एसटी चुकेल म्हणून.

आता इथे प्रार्थना करून घेणं अगदी सोपं होतं आणि पोराच्या डोळ्यात मला ते दिसतही होतं. मी त्याऐवजी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय सांगितला. यरीहोचा जक्कय, मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, बुटका, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढला. येशूने खालून हाक मारली, आज तुझ्या घरी उतरायचंय. आणि जक्कयने उभं राहून सांगितलं की अर्धं धन गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला की आज या घराला तारण, म्हणजे उद्धार, झालंय.

पोरगा तिथेच मला अडवायला लागला, सर, मग हे कर्माने तारण नाही का झालं, बायबलात इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर स्पष्ट आहे की कृपेनेच. चुकीचं नव्हता बोलत. मी त्याला म्हटलं, क्रम बघ. येशू आधी घरी आला, चौपटीचं नंतर. पैसे भरून बोलावलं नव्हतं त्याला. पण तो खरंच घरात आल्यावर जक्कयला लुबाडलेला पैसा कपाटात ठेवता येईना. आणि देवाने काकांना माफ केलं म्हणून उरणच्या बाईचा हिशेब आपण कसा मिटवायचा, तिला कोणी विचारलंय का? मोशेच्या नियमशास्त्रातसुद्धा दुसऱ्याचं घेतलं असेल तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा त्याच माणसाला द्यायचा आहे. देवळात टाकून चालत नाही.

काका बराच वेळ गप्प. मला वाटलं आता हाकलतील. उठून म्हणाले, "आदी घरी आला ना तो? मंग चला. जेवाला चला."

गेलो. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, कांदा. शाकाहाराचा उपास धरलेल्या आमच्या पोराने तो पहिल्या घासात सोडला. काकी वाढता वाढता सगळं ऐकत होत्या, आणि काकांनी बहिणीचं नाव काढल्यावर त्यांनी टोप खाली ठेवला आणि मला नाही, नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊबीजेला ती कया येत नाय ते आता कललं? मी कवापासून बोलते." त्या घरात हे पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं असावं. सून आतल्या खोलीत टीव्ही बंद करून आली. मुलगा काही बोलला नाही, तो फोल्डरकडे बघत होता, आणि त्याचा हिशेब वेगळा चालू होता हे कळत होतं. बिल्डिंग त्याचीही आहे ना.

निघताना मी सगळ्यांसाठी प्रार्थना केली, त्यांच्या परवानगीने, एकवीरा आईच्या फोटोखालीच बसून. काकांनी तारणाची प्रार्थना केली नाही आणि मी त्यांना विचारलं नाही.

रात्री हॉलवर पाळकसाहेबांनी रिपोर्टचा फॉर्म पुढे केला. पत्रिका किती, घरं किती, निर्णय किती, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारलं किती जणांनी. घणसोलीच्या निर्णयात मी शून्य लिहिलं, त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, कारण पोराने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. ते चिडले असं नाही, पण म्हणाले, मासा गळाला लागला होता रे. मी म्हटलं साहेब, लागला होता, पण बहिणीची पाटली अडकलेली होती घशात. यावर आमचं अजून एकमत नाही. त्यांच्या बोलण्यातही तथ्य आहे, माणूस उद्या जगेल याची खात्री कोणी दिलीय, येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घडीला क्षमा मिळालेल्या चोराला कुठे परतफेड करायला वेळ मिळाला होता. पण त्या चोराला चार मजलेही नव्हते.

फेब्रुवारीत काकांचा फोन आला. बक्षीसपत्र करायचं म्हणाले, बहिणीच्या नावावर एक फ्लॅट, पण मुलाला दिला तर स्टॅम्प दोनशे रुपये आणि बहिणीला दिला तर तीन टक्के, हा कुठला न्याय? मला यातलं ओ की ठो कळत नाही, आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पुढारी, रजिस्ट्री ऑफिसातून रिटायर झालेत, त्यांचा नंबर दिला. मुलगा अजून आडवा आहे. आणि बहीणही अडून बसलीय, पहिल्या मजल्यावरचा नको म्हणते, तिसऱ्यावरचा द्या, तिथे हवा येते.