रॅकची पाठ

चॅनल स्ट्रिप (एका माइकचा सिग्नल वाढवून घडवणारं रेकॉर्डिंगचं युनिट) आवडणारे सगळे तिच्या तोंडावरच भाळलेले असतात. निळसर राखाडी पत्रा, एक लाल नॉब, डुलणारा मीटर. विकणाराही फोटो समोरूनच टाकतो. मागच्या बाजूचं विचारलं तर ‘सगळं स्टँडर्ड आहे’ म्हणून मोकळा होतो. आवाज बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा मागूनच.

मुळात ही वस्तू रॅकमधली, म्हणजे युनिटं एकावर एक बसवायच्या चौकटीतली, नव्हेच. १९७० मध्ये रूपर्ट नीव्ह यांच्या कंपनीने लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी, म्हणजे मोठ्या मिक्सिंग टेबलासाठी, १०७३ हे मॉड्यूल बनवलं. त्यात माइक प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा), ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारा) आणि हाय-पास फिल्टर (खालची घरघर कापणारं) होतं, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवळणारा) नव्हता. त्याला २४ व्होल्ट कन्सोलकडून मिळायचे, वायरिंगही कन्सोलचंच आणि अर्थिंगची काळजी टेक्निशियनची. पुढे जुने कन्सोल मोडीत निघाले, मॉड्यूलं सुटी झाली आणि १९ इंची खोक्यांत बसली. एकत्र कुटुंबातून बाहेर पडून वेगळी चूल मांडली की लाइटबिलापासून नळाच्या वॉशरपर्यंत सगळं आपल्याच गळ्यात येतं, तसं झालं.

आधी वीज. परदेशातून आणलेल्या युनिटच्या मागे ११५/२३०चा सिलेक्टर असतो, तो प्लग लावण्यापूर्वी बघायचा. ११५ वर राहिलं आणि आपल्याकडचे २३० व्होल्ट आत गेले, तर नशीब चांगलं असल्यास फ्यूजवर भागतं. नाहीतर ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. सिलेक्टर २३० वर केला की फ्यूजही साधारण निम्म्या अँपिअरचा लागतो. तो बदलायचा हमखास राहून जातो आणि मग जाड फ्यूज कुणालाच वाचवत नाही.

मग आउटपुट. स्ट्रिपमधून सिग्नल निघतो +४ डीबीयूला, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्टला. इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या पेटीच्या) पुढच्या कॉम्बो सॉकेटमध्ये एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) खुपसला, तर बहुतेक इंटरफेस तो माइक प्रीॲम्पकडे पाठवतात आणि तिथे अपेक्षा असते मिलिव्होल्टची. लाल दिवा पेटतो, माणूस घाबरून स्ट्रिपचाच गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) खाली आणतो. ज्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडासाठी आणि ट्रान्झिस्टरसाठी पैसे मोजले, त्यांना कामच मिळत नाही. वर इंटरफेसचं फँटम (माइकला वायरीतून दिली जाणारी वीज) चालू असेल, तर ४८ व्होल्ट उलटे स्ट्रिपच्या आउटपुटवर. उपाय दीडदमडीचा आहे: एका टोकाला फीमेल एक्सएलआर, दुसऱ्याला टीआरएस जॅक (टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन संपर्क असलेला). पिन २ टिपला, ३ रिंगला, १ स्लीव्हला, आणि जॅक लाइन इनपुटमध्ये. गिटारची टीएस वायर (रिंग नसलेली) वापरू नये. ट्रान्सफॉर्मर आउटपुट ती निमूट सोसतं. इलेक्ट्रॉनिक बॅलन्स्ड आउटपुटची (पिन २ आणि ३ वर एकमेकांविरुद्ध सिग्नल देणाऱ्याची) पिन ३ मात्र थेट ग्राउंडला जाते. काही सर्किटं ६ डीबी गमावतात, काही घोगरी होतात. कॉम्प्युटरातली लेव्हल सरासरी −१८ डीबीएफएसच्या (० म्हणजे डिजिटलची कमाल) आसपास आणि शिखरं −१० पर्यंत, एवढं पुरे.

हम, म्हणजे विजेची गुरगुर, आला की पहिला संशय दुकानदारावर जातो. त्याआधी गेन नॉब फिरवून बघावा. गेनबरोबर हम वाढला, तर तो प्रीॲम्पच्या आधीच शिरतोय: माइकची वायर, किंवा शेजारच्या युनिटचा पॉवर ट्रान्सफॉर्मर स्ट्रिपच्या इनपुट ट्रान्सफॉर्मरला चिकटून बसलाय. दोन युनिटं लांब केली की फरक लगेच कळतो. गेन फिरवूनही हम तसाच राहिला, तर खोट पुढे आहे. ५० हर्ट्झची गुरगुर बहुधा ग्राउंड लूपची (दोन युनिटांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्याची) असते, १०० हर्ट्झची खरखरीत भणभण बहुधा पॉवर सप्लायच्या सुकलेल्या कपॅसिटरची. लूप तोडायचा तर लाइन केबलच्या एकाच टोकाची शील्ड (बाहेरची जाळी) सोडवावी. प्लगची अर्थ पिन काढून ‘बघ, गेला हम’ म्हणणारे बरेच भेटतात. त्या युनिटला कधी शॉर्ट लागला, तर करंटला जायला गायकाचाच रस्ता उरतो.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टर) खरखरतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवायचा. बिजागऱ्यांचं तेल मारू नये, त्यावर धूळ बसते. साफ केलेला पॉट आठवड्यात पुन्हा खरखरला, तर दोष बहुधा पॉटचा नाही. त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय आणि पॉटवर डीसी येतोय. मग बाटलीभर क्लीनर ओतला तरी उपयोग नाही. व्हॉल्व्हवालं युनिट असेल तर ते तापतं, म्हणून वर १ यू (रॅकचं एक माप), म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, जागा मोकळी ठेवावी.

एवढं निस्तरलं की समोरच्या बाजूला फारसं काही उरत नाही. गायकाच्या आवाजासाठी फिल्टर ८० हर्ट्झला, स्ट्रिपमध्ये कॉम्प्रेसर असेल तर कॉम्प्रेशन ३:१, अटॅक (तो आवळायला घेतो तो वेळ) १० ते २० मिलिसेकंद आणि सुई ३-४ डीबीच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही, कारण रेकॉर्ड झालेलं कॉम्प्रेशन परत काढता येत नाही. १०७३ चा १२ किलोहर्ट्झचा शेल्फ (तिथून वरचं सगळं उचलणारा ईक्यू) मोह पाडतो, पण त्याचा उतार बराच खालून सुरू होतो. ‘चांदणं’तला च आणि सगळे स त्यात सापडतात. त्यामुळे चकाकी मिक्सला ठेवलेली बरी.

मिक्सला एकच मोनो स्ट्रिप वापरायची, तर ट्रॅक इंटरफेसच्या लाइन आउटमधून स्ट्रिपच्या लाइन इनपुटला द्यायचा आणि परत रेकॉर्ड करायचा. येण्याजाण्यात काही मिलिसेकंद जातात. आधी एक क्लिक पाठवून, परत आलेली क्लिक किती सॅम्पल मागे पडली ते मोजून परत आलेला ट्रॅक टाइमलाइनवर तेवढा डावीकडे ओढावा. मूळ ट्रॅक म्यूट करायला विसरलात, तर दोन्ही एकत्र वाजून आवाज पोकळ होतो, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या स्ट्रिपलाच दिला जातो.