चहापाण्याचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या जमाखर्चात 'चहापाणी' नावाचं एक खातं आहे. वार्षिक सभेत लिफ्टच्या दुरुस्तीला गेलेल्या लाखभराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, पण चहाबिस्किटांचे अठराशे चाळीस रुपये सगळ्यांना खुपतात. साहजिक आहे म्हणा. लिफ्टचं यंत्र कुणाला कळतंय? कटिंगचा भाव मात्र सगळ्यांना तोंडपाठ. खजिनदार या नात्याने उत्तरं द्यायला उभा राहिलो, की मला हमखास नेज्मिये होजा आठवते.

ही अल्बेनियाचा हुकूमशहा एन्वर होजा याची बायको. जन्म १९२१, बिटोला गावचा. दुसऱ्या महायुद्धात पार्टिझनांबरोबर, म्हणजे परकी फौजांशी झुंजणाऱ्या गनिमी सैनिकांबरोबर लढली, १९४५ मध्ये एन्वरशी लग्न केलं, दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. नवऱ्याने चाळीस वर्षं देश मुठीत ठेवला. १९६७ मध्ये मशिदी आणि चर्चना टाळं ठोकलं. शत्रू येणार, येणार म्हणत दीड लाखाहून जास्त काँक्रीटचे बंकर बांधले. शत्रू काही आला नाही. तुरुंगात गेलेल्याची बायकापोरंही दूरच्या खेड्यात डांबली जात. आणि बाई काही नुसती माजघरात बसून नव्हती. पक्षाची मार्क्सवाद-लेनिनवादाची संस्था तिच्या हाती होती.

१९८५ मध्ये एन्वर गेला, पुढे राजवटही गेली. डिसेंबर १९९१ मध्ये बाईला अटक झाली. आरोप कुठला? सरकारी पैशाची उधळपट्टी! पाहुणचार, खाणंपिणं, घरखर्च. बड्या पुढाऱ्यांवरच्या असल्या खटल्यांना लोकांनी नाव ठेवलं, 'कॉफीचे खटले'. डांबलेल्या माणसांचा हिशेब राहिला बाजूला आणि कोर्टात कपबशा मोजल्या गेल्या. नऊ वर्षांची शिक्षा झाली. बाईने अपील केलं, तर नवाची अकरा झाली. (आमच्या सभेत हरकतीवर उपहरकत येते, तेव्हा असंच होतं.) प्रत्यक्षात पाच वर्षांनी ती सुटली.

मुलगी प्रानवेरा. नावाचा अर्थ वसंत. वास्तुविशारद झाली. तिने आणि तिच्या नवऱ्याने इतरांसोबत राजधानी तिरानात वडिलांच्या स्मृतीसाठी पिरॅमिडच्या आकाराचं संग्रहालय उभारलं. १९८८ मध्ये ते उघडलं आणि तीन-चार वर्षांतच त्यातून वडील बाहेर! पुढे तिरानाची पोरं त्याच्या उतरत्या भिंतींवरून घसरगुंडी खेळत मोठी झाली. आता डागडुजी करून वर चढायला रीतसर पायऱ्या केल्यात. मुलांना तिथे संगणकाचे धडे देतात. बापाच्या नावाने बांधलेल्या वास्तूचं याहून बरं काय व्हायचं होतं?

होजा कुटुंब राहायचं तिरानातल्या त्या भागाचं नाव ब्लोकु. सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकायची बंदी होती, पहारा असे. आज तिथे कॉफीच्या दुकानांची नुसती दाटी आहे. एका एस्प्रेसोवर तासभर गप्पा मारत बसणं हा तिथल्या लोकांचा आवडता उद्योग. कोण किती कॉफी पितंय, हे आता कुणी लिहून ठेवत नसावं.

नेज्मिये फेब्रुवारी २०२० मध्ये गेली, नव्व्याण्णव वर्षांची होऊन. नवऱ्याची बाजू तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

येत्या सभेत चहा ठेवायचा नाही असं मी ठरवलंय. नुसतं पाणी. लिफ्टच्या बिलाच्या प्रती मात्र प्रत्येक खुर्चीवर ठेवणार आहे.