शाईचा ठिपका आणि गांजा (लॉस एंजेलिस, ७ मार्च २०१७)
आज मत दिलं. महापौर, बेघरांसाठीचा कर वगैरे उरकलं आणि ‘एम’ नावाच्या शहराच्या प्रस्तावावर अडले. गांजाच्या दुकानांना परवाने, नियम, दंड हे सगळं शहराच्या हाती द्यायचं का? वर कर: मौजेसाठीच्या विक्रीच्या १००० डॉलरमागे १००, औषधी विक्रीच्या ५०.

शेजारीच ‘एन’. तो दुकानदारांच्याच संघटनेने आणलेला, आणि आता तेच सांगतायत, ‘एम’ला मत द्या! (आपल्याकडे माघारीची मुदत संपल्यावर पाठिंबा देतात, तसंच.)

नोव्हेंबरात राज्याने मौजेसाठीचा गांजा कायदेशीर करणारा ६४ नंबरचा प्रस्ताव मंजूर केलाच आहे. मग आमच्या कोपऱ्यावरचं हिरव्या क्रॉसचं गांजाचं दुकान निदान हिशेबात तरी येऊ दे. मतपत्रिकेवर शाईचा ठिपका उमटवला, ‘एम’ला हो.

आईला फोनवर सांगितलं. क्षणभर शांतता. मग, “अगं, गांजासाठी मतदान? आणि तू गेलीस?”
म्हटलं, “येत्या सोमवारी धुळवड. भांग चालते ना आपल्याकडे?”
“भांग वेगळी!”

कायद्यानेही वेगळीच म्हणा. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, नुसती पानं त्यात येत नाहीत. पण आईला हे सांगायची हिंमत झाली नाही.

रात्रीच्या मोजणीत ‘एम’ बराच पुढे आहे. ‘मी मत दिलं’चं स्टिकर अजून कुर्त्यावरच.