रांगेच्या शेवटी चालणारे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'सैनिकी सेवेतून मिळालेले नेतृत्वाचे धडे' या विषयावर लिहावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा आनंदाबरोबर थोडा संकोचही वाटला. निवृत्तीनंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून याच विषयावर बोलण्यासाठी मला बोलावणे येत असते आणि त्याचे एक ठरावीक भाषण आता तोंडपाठ झाले आहे. ते इथे छापायला देणे म्हणजे ज्याच्याकडून माल उचलला त्याच्याच दारात तो विकायला बसण्यासारखे होईल, कारण त्या भाषणातला कामाचा भाग मी डेहराडूनच्या लष्करी अकादमीत किंवा बेळगावच्या मराठा पलटणींच्या केंद्रात शिकलेलो नाही; तो भूगोल आणि कवायत शिकवणाऱ्या आपल्या सरांचा आहे. शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण आमच्या पिढीत नुसते 'सर' म्हटले की कोणते, असे कोणी विचारत नसे.

सरांचा आदर्श म्हणजे कोल्हापूरचेच लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. १९५३-५४ मध्ये कोरियातील युद्धकैद्यांची देखरेख करणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व थोरात साहेबांनी कसे केले, हे सर भूगोलाच्या तासाला सांगू लागले की मोसमी वारे तिथेच थांबत. पावनखिंडीची मोहीमही सरांचीच. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्याहून ज्या वाटेने निघाले ती वाट पायांना कळल्याशिवाय इतिहासाच्या पेपरात तिच्यावर लिहू नये, असे त्यांचे मत होते. त्यामुळे नववीचा वर्ग दरवर्षी भर पावसात गडाच्या राजदिंडी दरवाजातून उतरून म्हाळुंगे, मसाई पठार करत दोन दिवसांत पांढरेपाणी गाठत असे.

आमच्या वर्षी मॉनिटर या नात्याने रांगेच्या पुढे मी होतो आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. पठारावर दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते, तांबड्या चिखलात बूट रुतत होते आणि निम्मी मुले मोठमोठ्याने कुरकुरत होती. सर सर्वांत मागे चालत होते. रात्री करपेवाडीत मुक्काम पडला तेव्हा जेवणाआधी त्यांनी सगळ्यांना पाय पसरून एका ओळीत बसवले, मिठाचे कोमट पाणी भरलेले घमेले पुढे सरकवत कंदिलाच्या उजेडात एकेकाचा तळवा पाहिला आणि जिथे फोड होता तिथे खोबरेल तेल लावले. बोर्डिंगमधल्या एका मुलाच्या दोन्ही टाचा सोलवटून निघाल्या होत्या. त्याचे बूट उसने आणि मापाने लहान होते, आणि दिवसभरात त्याने अवाक्षरही काढले नव्हते. सर त्याला काहीच बोलले नाहीत. सकाळी पाहिले तर त्या कॅनव्हासच्या बुटांच्या टाचा ब्लेडने नीट कापून काढलेल्या होत्या. उसनी जोडी सरांनी पुढे कशी भरून दिली, हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

निघताना सरांनी त्या मुलाला रांगेत सर्वांत पुढे उभे केले आणि मला मागे बोलावले. "तू आता माझ्याबरोबर मागनं चाल. कोण गप्प झालंय तेवढं बघत राहा. कुरकुरणाऱ्याची काळजी नको." मला ती शिक्षा वाटली. पण त्या दिवशी सगळी रांग त्या मुलाच्या चालीने चालली, आणि दमदार मुलांनी कितीही तोंडे वाकडी केली तरी आदल्या दिवसासारखी ती एकदाही तुटली नाही. पुढचा गडी आपल्यासाठी हळू चालतो आहे, असे त्या मुलाला वाटण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण पुढे तोच होता.

पुढे डेहराडूनला लांब पल्ल्याच्या मार्चनंतर प्लाटूनच्या अधिकाऱ्याने जवानांचे पाय तपासायचे असतात हे शिकवले गेले, तेव्हा शेजारचे कॅडेट एकमेकांकडे पाहू लागले. मला मात्र ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. तिथल्या चेटवुड हॉलमध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या १९३२ च्या भाषणातील वचन कोरलेले आहे. आधी देशाची सुरक्षितता, मान आणि कल्याण, मग हाताखालच्या जवानांचे, आणि स्वतःची सोय सदैव शेवटी, असा त्याचा आशय आहे. त्यातला शेवटचा भाग मी करपेवाडीत पाहिलेला होता, कारण त्या रात्री सर आमच्यानंतर जेवले आणि आमटी तोवर संपली होती.

'कोण गप्प झालंय' हे सूत्र तर मला नोकरीभर पुरले. पलटणीच्या दरबारात साहेबाने "किसी को कोई तकलीफ?" असे विचारले की शेकडो गळ्यांतून एकच "नो सर" उमटतो आणि नवखा अधिकारी खूश होऊन परततो. खरी खबर दरबारात मिळत नाही. ती लंगरमध्ये आणि सुभेदार साहेबांबरोबर घेतलेल्या चहात मिळते. अतिउंचीवर तर हा प्रश्न जिवाचा होतो. नऊ हजार फुटांच्या वर जवानांना टप्प्याटप्प्याने, पहिल्या टप्प्यात सहा दिवस आणि पुढच्या दोन टप्प्यांत प्रत्येकी चार दिवस थांबवून, विरळ हवेची सवय करून देतात, तरीही एखाद्याच्या फुफ्फुसात पाणी साचू लागते, आणि त्यावर प्राणवायू देणे व तातडीने खाली उतरवणे हाच भरवशाचा उपाय असतो. अडचण अशी की आपला मराठा गडी डोके दुखते हे सांगणे कमीपणाचे मानतो. आमच्या चौकीवर साताऱ्याकडचा एक पोरगा रोज संध्याकाळी भजनात टाळ धरत असे. एका संध्याकाळी टाळ दुसऱ्याच्या हातात दिसले. मी बंकरमध्ये गेलो, तर "काही नाही साहेब, जरा डोकं जड आहे," एवढेच तो म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती. त्याला त्याच रात्री खाली नेले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. पुढे आपल्या मुलीच्या बारशाला त्याने मला आग्रहाने बोलावले होते.

कारखान्यांतल्या व्याख्यानांत मला हमखास 'कठीण प्रसंगी निर्णय कसा घ्यावा' हे विचारतात. निर्णय घेणे त्या मानाने सोपे असते. तो घेण्याची वेळ आली आहे हे वेळेत कळणे अवघड, असे मी सांगतो. ते लोक वहीत लिहूनही घेतात, पण त्यांना पुढे उभे राहून आरोळी देणाऱ्या सेनापतीची गोष्ट अधिक आवडते, हे चेहऱ्यांवरून दिसते.

शाळेची मोहीम आता बसने पांढरेपाण्यापर्यंत जाते आणि मुले खिंडीत फोटो काढून संध्याकाळी घरी परततात, असे कळले. पालकांची काळजी मी समजू शकतो आणि आषाढात त्या वाटेवर लोटणारी गर्दीही पाहिली आहे. तरीही वाईट वाटायचे ते वाटलेच.

सरांच्या नावाने 'सर्वोत्कृष्ट छात्र' ढाल ठेवण्याचा समितीचा विचार आहे आणि त्यासाठी माझी देणगी मी सोबत पाठवत आहे. अट एकच आहे. या ढालीचा मानकरी शिक्षकांनी किंवा पाहुण्यांनी ठरवू नये. मोहीम पुन्हा पन्हाळ्यापासून पायी काढावी आणि पांढरेपाण्याला जी मुले सर्वांत शेवटी पोचतील त्यांनाच विचारावे, की वाटेत तुमच्याबरोबर कोण थांबले होते.