कापूस माना टाकत होता अन् दुकानदार किट विकत होता

सरळ सांगतो, रोगापेक्षा दुकानानं जास्त डोकं खाल्लं.

आमची जमीन भारी काळी, परभणीकडची. पावसाचा मोठा खंड पडला अन् मग एकदम झोडपून काढलं, वावरात पाणी साचलं आणि पात्या (फुलकळ्या)-बोंडांनी लदलेली, सगळ्यात जोमदार झाडं माना टाकायला लागली. गावात एकच बोलणं, बुरशी आली, मर लागली. मी झाड उपटून बघितलं, मुळं सडलेली नव्हती, साल सोलून निघत नव्हती म्हणजे मूळकूज नाही, खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेषा नाहीत म्हणजे फ्युजेरियमची मर पण नाही (ती तशीही आपल्याकडं देशी कापसालाच लागते). कृषी विज्ञान केंद्रात फोटो पाठवले, तिथनं पण तेच, बुरशी नाही, आकस्मिक मर आहे, मुळांना हवा मिळेना म्हणून झालंय. आळवणी (बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) सांगितली, 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश, 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड, झाडाला पाव ते अर्धा लिटर. कॉपर कशाला तर दमलेल्या मुळांत बुरशी घुसू नये म्हणून. आणि हे झाडं सुकलेली दिसल्यापासून 24 ते 48 तासांत, नाहीतर मग काही खरं नाही.

युरिया-पोटॅश घरात होतं. राहिलं फक्त कॉपर, सगळ्यात साधं, जुनं औषध.

तालुक्याच्या दुकानात गेलो (नाव घेत नाही), म्हटलं अर्धा किलो कॉपर ऑक्सिक्लोराइड द्या. तो म्हणे "दादा ते आता कोण वापरतंय, ही भारी फंगस आहे, हे किट न्या." किटमधे काय, तर ह्युमिक, एक टॉनिक, एक महागडं बुरशीनाशक अन् एक बाटली जिच्यावर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही. म्हटलं बुरशी नाहीये, खोड चिरून बघितलंय मी. तर म्हणे "शास्त्रज्ञ येतात का बांधावर? आम्ही रोज बघतो." मागच्या रॅकवर कॉपरचे पुडे दिसत होते हो! विचारलं तर ते बुक आहेत. परत विचारलं तर किटसोबत मिळतील. मी म्हटलं बरं रोख देतो, नुसता पुडा द्या आणि पक्कं बिल द्या, तर लगेच मशीन बंद, नेट नाही, "खात्यावर मांडून ठेवतो की." इथंच गोम आहे सगळी. निम्मं गाव उधारीवर, हिशोब कापूस विकल्यावर, मग त्याच्यापुढं तोंड कोण उघडणार? माझ्यासमोर दोघं जण किट घेऊन गेले, त्यांची झाडं त्यानं पाहिली पण नव्हती. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला काउंटरवरनंच फोन लावला, नुसती रिंग. इकडं घड्याळ पुढं चाललंय, वावरात झाडं वाळतायत अन् हा मला चहा सांगतोय.

निघालो तिथनं. पुढच्या बाजाराच्या गावात एका म्हाताऱ्या दुकानदारानं काही न बोलता पुडा काढून दिला, बिलासकट. किटच्या पैशात असे किती पुडे आले असते ते सोडा. रात्री टॉर्चवर आळवणी केली आणि वेळेत केली याचा मला आजही अभिमान आहे. नुकतीच मलूल झालेली बरीचशी झाडं उठली, जी आधीच वाळून गेली होती ती गेलीच.

आळवणीच्या आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, हे वर राहिलं सांगायचं. पंपाचं नोझल काढून बुडाशी ओता, मग माती पायानं दाबा. बिल मागाच, द्यावंच लागतं त्यांना.

खरी बुरशी पुढं येतेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात ढगाळ, दमट राहिलं की बोंडसड, तेव्हा बोंडाला चिकटलेल्या वाळक्या पाकळ्या हातानं काढा, फुकटचं काम आहे अन् फवारणीइतकंच महत्त्वाचं. पानाच्या खालून दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो दहिया, त्याचं औषध वेगळं.

आणि तणनाशकाचा पंप, बादली यातलं काहीही आळवणीला घेऊ नका. 2,4-डी या तणनाशकाचा अंश राहिला असला तरी कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी होतात, मग तोच दुकानदार त्याच्यावरही किट काढून देईल.