मिड-२०१२ मॅकबुक प्रो: एसएसडी बसवताना केबलही बदला

मशीन: १३ इंची मॅकबुक प्रो, रेटिना नसलेलं, मॉडेल ए१२७८. मूळची ५०० जीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, ४ जीबी रॅम, सिस्टिम मॅकओएस कॅटालिना (१०.१५). अ‍ॅपलने हे मॉडेल २०१६ पर्यंत विकलं, त्यामुळे चालू स्थितीतली मशीनं आजही भरपूर दिसतात. बहुतेकांची तक्रार एकच, चालू व्हायला वेळ लागतो आणि रंगीत चक्र फिरत बसतं.

हे का होतं ते आकड्यांत बघा. ५४०० आरपीएमला तबकडीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद, आणि हेड सरकायला साधारण १२. सेकंदाला जेमतेम ५५-६० विखुरलेली वाचनं पदरात पडतात. एपीएफएस, म्हणजे हाय सिएरापासूनची मॅकची फाइल पद्धत, बदललेला मजकूर जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे डिस्कवर तुकडे पसरत जातात आणि हेडची धावपळ वाढते. एसएसडीत, म्हणजे फिरते भाग नसलेल्या फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हमध्ये, हेच वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात होतं. जाहिरातीतल्या सेकंदाला ५५० एमबी वेगापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

सामान

२.५ इंची साटा एसएसडी, ५०० जीबी किंवा १ टीबी. शक्यतो टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) आणि स्वतःची डीरॅम, म्हणजे नोंदी ठेवायची जलद मेमरी, असलेली. क्यूएलसी (पेशीत चार बिट) स्वस्त पडते, पण कॅश भरली की लेखनाचा वेग कोसळतो. एनव्हीएमई, म्हणजे पट्टीसारखी नव्या जोडणीची एसएसडी, घेऊ नका, या मशीनमध्ये तिची जागाच नाही. एसएसडी ७ मिमी जाड असते, जुनी डिस्क ९.५ मिमी, बाजूच्या स्क्रूंची भोकं खालून सारख्याच उंचीवर असल्याने पॅकिंग लागत नाही.

सोबत हार्ड डिस्कची रिबन केबल. मिड-२०१२ साठी भाग क्रमांक ८२१-१४८०-ए किंवा ८२१-२०४९-ए. २०११ ची ८२१-१२२६-ए दिसायला तशीच असते, म्हणून मागवताना क्रमांक तपासाच. शिवाय यूएसबी ३.० एन्क्लोजर (ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी), फिलिप्स ०० आणि टॉर्क्स टी६ स्क्रूड्रायव्हर, प्लास्टिकची चपटी पट्टी आणि थोडी कॅप्टॉन टेप (पातळ इन्सुलेटिंग टेप).

उघडण्याआधी

आधी बॅकअप. जुन्या डिस्कच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) ५, १९७ किंवा १९८ या खराब सेक्टर मोजणाऱ्या क्रमांकांचा कच्चा आकडा शून्याच्या वर असेल तर अख्ख्या डिस्कचं क्लोनिंग सुरू करू नका. खराब सेक्टरवर ती अडून बसते आणि त्या खटपटीत उरलीसुरली जाते. आधी कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढा.

मशीन अजून जुन्या सिस्टिमवर असेल तर हाय सिएरा किंवा त्यापुढची आवृत्ती मूळ डिस्क आत असतानाच चढवा. त्या इन्स्टॉलरबरोबर एपीएफएससाठी लागणारं फर्मवेअर येतं, आणि आत परकी, म्हणजे मूळची नसलेली, ड्राइव्ह असली की ते कधी कधी तपासणीतच अडकतं.

मग एसएसडी एन्क्लोजरमध्ये घालून जोडा. डिस्क युटिलिटीत 'सर्व डिव्हाइस दाखवा' निवडल्याशिवाय अख्खी ड्राइव्ह यादीत दिसत नाही, फक्त तिच्यावरचं व्हॉल्यूम (तिचा वापरायचा भाग) दिसतं. फॉरमॅट एपीएफएस, स्कीम जीयूआयडी. कॅटालिना थेट तिच्यावर टाका आणि मायग्रेशन असिस्टंटने डेटा आणा. कॅटालिनापासून सिस्टिम आणि डेटा वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असतात, त्यामुळे जुन्या पद्धतीचं क्लोनिंग अर्धवट राहू शकतं. नवी स्थापनाच बरी.

आता ऑप्शन कळ दाबून यूएसबीवरूनच मशीन चालू करा आणि थोडा वेळ नीट वापरा. हा टप्पा गाळू नका. एसएसडी बाहेरून व्यवस्थित चालते हे इथे पक्कं झालं, की आत बसवल्यावर येणाऱ्या अडचणीचा संशय सरळ केबलवर जातो.

अदलाबदल

मशीन बंद, चार्जर बाहेर, खाली मऊ कापड. तळाला दहा स्क्रू: तीन लांब, बिजागरीच्या बाजूला, सात आखूड, ३ मिमीचे. कागदावर तळाचा आकार काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला तर आटे जातात. झाकण निघालं की आधी बॅटरीकडे बघा. फुगलेली असेल तर ती बदलेपर्यंत पुढचं काम थांबवा.

बॅटरीचा कनेक्टर पट्टीने सरळ वर उचला. पट्टी कनेक्टरच्या कडेखाली लावा. बोर्डवरच्या सॉकेटखाली घातली तर सॉकेटच उखडतं. डिस्कची आडवी पट्टी दोन स्क्रूंवर असते. ती काढली की प्लास्टिकच्या शेपटीने डिस्क उचला आणि साटा कनेक्टर दोन्ही टोकांनी थोडा थोडा हलवत सोडवा. डिस्कच्या बाजूंचे चार टी६ स्क्रू एसएसडीला लावा.

आता केबल. ती डिस्कखालून अ‍ॅल्युमिनियमच्या खरबरीत पृष्ठभागावरून जाते आणि कोपऱ्यात दुमडते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने आणि ताणाने आतल्या तारा कमकुवत होतात. जुन्या डिस्कची जोडणी सहसा ३ गिगाबिटवर होते, तेवढं अशी केबल सोसते. एसएसडी ६ गिगाबिट मागते, आणि तिथे चुका सुरू होतात. मग प्रश्नचिन्हाचं फोल्डर दिसतं, इन्स्टॉलर मधेच थांबतो, किंवा एसएसडी जुन्या डिस्कपेक्षाही हळू चालते. कित्येक चांगल्या एसएसडी या कारणाने 'खराब' म्हणून परत गेल्या आहेत.

बोर्डाकडचं टोक सरळ वर उचला. पुढच्या कडेला इन्फ्रारेड सेन्सर आणि स्लीपचा दिवाही याच केबलवर असतो. तिथले बारीक स्क्रू दोन मापांचे आहेत, मिसळू देऊ नका. केबल खाली चिकटवलेली असते, ती हळूहळू सोडवा. नवी बसवण्याआधी तिच्या मार्गावर कॅप्टॉन टेपचा एक थर द्या आणि घडी बोटाने दाबून टोकदार करू नका, वळण गोलसरच राहू द्या. बंद करताना कडेचे आखूड स्क्रू झाकणाच्या वळणाला काटकोनात, म्हणजे किंचित तिरपे जातात. जबरदस्तीने सरळ फिरवले की अडतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर

बॅटरी सुटल्याने घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. आधी तारीख दुरुस्त करा, नाहीतर सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि दोष वाय-फायला दिला जातो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये साटाखाली 'निगोशिएटेड लिंक स्पीड' (जोडणीचा ठरलेला वेग) ६ गिगाबिट दिसायला हवा. ३ किंवा १.५ दिसला तर केबल पुन्हा बसवा.

परक्या एसएसडीला ट्रिम, म्हणजे पुसलेल्या डेटाची जागा मोकळी झाल्याची ड्राइव्हला सूचना, आपोआप मिळत नाही. टर्मिनलमध्ये 'sudo trimforce enable' टाइप करा, पासवर्ड द्या, दोन्ही वेळा होकार द्या. मशीन स्वतः रीस्टार्ट होतं. ही सोय योसेमिटी १०.१०.४ पासून आहे. फ्लॅश मेमरीत लिहिणं पानापानाने होतं, पण पुसणं मोठ्या ब्लॉकने. कोणती पानं रद्द झाली हे ड्राइव्हला कळलं नाही तर ती टाकाऊ डेटाही जपून इकडून तिकडे हलवत बसते; वेग घटतो आणि झीज वाढते.

स्मार्टमधला १९९ क्रमांक, म्हणजे सीआरसी चुका (केबलवरून जाताना बिघडलेला डेटा), लिहून ठेवा. एक मोठी फाइल कॉपी करून पुन्हा बघा. आकडा स्थिर असेल तर केबल ठीक. वाढत असेल तर एसएसडी बदलून उपयोग नाही, दोष जोडणीत आहे.

बाकी काम

४ जीबी रॅमवर स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारा डेटा, सतत एसएसडीवर लिहिलं जातं. अ‍ॅपल अधिकृत मर्यादा ८ जीबी सांगतं, पण ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर३ १६०० मेगाहर्ट्झ, २०४ पिनी, या मशीनवर व्यवस्थित चालतात. झाकण पुन्हा उघडावं लागू नये म्हणून केबलबरोबरच मागवा.